मायक्रोवेव्हमध्ये कुठलं भांडं चालतं, आणि का

आपलं स्वयंपाकघर स्टीलचं. नाव घातलेली पातेली, वाट्या, कडीचे डबे, गाळणी, पळ्या, सगळं स्टील. अशा घरात एके दिवशी मायक्रोवेव्ह येतो आणि त्याच्यासोबत फर्मान येतं, की स्टील आत ठेवायचं नाही. का नाही, हे डेमो द्यायला आलेला मुलगाही सांगत नाही; तो केक करून दाखवतो आणि जातो. मग घरोघर आपापले नियम तयार होतात. एका घरात काच चालते, दुसऱ्या घरात ती फुटते म्हणून वर्ज्य. कोणी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात वरण गरम करतं. कोणी कंटाळून मायक्रोवेव्हचं कपाटच करून टाकतं. आतल्या ब्रेडला मुंग्या लागत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग.

आमच्या आईने तिच्यापुरता नियम केला होता. "गॅसवर चालतं ते त्यात चालत नाही, आणि त्यात चालतं ते गॅसवर चालत नाही." शास्त्राच्या पेपरात या उत्तराला पूर्ण गुण मिळणार नाहीत, पण बरेच मिळतील. गॅसवर आधी भांडं तापतं, मग भांडं पदार्थाला तापवतं. म्हणून तिथे उष्णता झटकन पोचवणारं भांडं चांगलं: तांबं, ॲल्युमिनियम, जाड बुडाचं स्टील. मायक्रोवेव्हमध्ये आधी पदार्थ तापतो आणि भांडं तापलंच तर पदार्थाच्या संगतीने तापतं. तिथे भांड्याचं काम एवढंच, की मधे यायचं नाही.

म्हणून कुठलंही भांडं हातात घेतलं की दोन प्रश्न विचारायचे. लाटा याच्यातून आरपार जातील का? आणि आतला पदार्थ कडकडीत झाल्यावर ही वस्तू ती उष्णता सोसेल का? तिसराही एक प्रश्न आहे आणि भांडी वितळतात ती बहुतेकदा तो न विचारल्यामुळे. त्याच्याकडे येतोच.

लाटा आणि लोकलची गर्दी

मायक्रोवेव्ह म्हणजे रेडिओच्या जातकुळीतल्या लाटा. घरातल्या ओव्हनमध्ये त्या सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावतात आणि एका लाटेची लांबी साधारण १२ सेंटिमीटर भरते. वायफायचा एक पट्टाही याच ठिकाणी आहे, म्हणून काही घरांत आमटी गरम होत असताना शेजारच्या खोलीतला व्हिडिओ अडखळतो.

या लाटा तयार करणाऱ्या नळीला मॅग्नेट्रॉन म्हणतात आणि ती स्वयंपाकासाठी जन्मलीच नव्हती. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तिचं ताकदवान रूप बनवलं ते रडारसाठी. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. त्याने मग मक्याचे दाणे आणून धरले, ते फुटले. अंडंही ठेवून पाहिलं, तेही फुटलं, पण ते पुसायला फडकं लागलं. १९४७ मध्ये बाजारात आलेलं पहिलं यंत्र माणसाच्या उंचीचं आणि ३०० किलोहून जड होतं. ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन यायला १९६७ साल उजाडलं.

आता आत घडतं काय ते. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धनभारित असतं, दुसरं किंचित ऋणभारित. लाट आली की तिच्या विद्युतक्षेत्राच्या दिशेने रेणू तोंड करू पाहतो. तेवढ्यात क्षेत्राची दिशा उलटते, की हा परत वळायला लागतो. खच्चून भरलेल्या विरार लोकलमध्ये कोणी ओरडलं, "दादर उजवीकडे आहे," आणि लगेच, "नाही नाही, डावीकडे," आणि असंच ओरडत राहिलं, तर काय होईल? जागचं कोणी फारसं हलणार नाही, पण वळण्याच्या धडपडीत कोपरं लागतील, पाय तुडवले जातील आणि डबा तापेल. पदार्थ तापतो तो असा. पाणी यात सर्वांत पुढे. मीठ, तेल, साखर यांचाही आपापल्या परीने हातभार लागतो. काच किंवा चिनी मातीतले कण मात्र घट्ट बसलेले असतात. त्यांना वळताच येत नाही, म्हणून लाट त्यांच्यातून मुकाट्याने निघून जाते.

यातून काही गोष्टी आपोआप उलगडतात. "मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो" असं जे म्हणतात ते चूक आहे. लाटा पदार्थात दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जोमाने शिरतात आणि वाटेत संपत जातात. बटाटा मोठा असेल तर त्याचा गाभा आजूबाजूच्या उष्णतेनेच शिजतो, अगदी चुलीवर शिजतो तसा. पाककृतीत "बाहेर काढून दोन मिनिटं तसंच ठेवा" असं लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नव्हे. त्या दोन मिनिटांत कडेची उष्णता मधे पोचते. उरलेलं अन्न गरम करताना ते मधोमधही ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं. मोठा भाताचा गोळा एकदा मधे थांबवून, मोडून, ढवळल्याशिवाय तिथवर पोचत नाही.

दुसरं म्हणजे लाटा धातूच्या भिंतींवर आपटून परततात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लाटांच्या मिश्रणातून काही ठिकाणी जोर साचतो, काही ठिकाणी शून्य. या जागा साधारण सहा सेंटिमीटरवर येतात. फिरती ताटली असते ती त्यासाठी. बघायचं असेल तर ताटली आणि तिच्याखालची चाकांची कडी काढून ठेवा, उलट्या बशीवर उडदाचा कच्चा पापड ठेवा आणि पंधरा-वीस सेकंद लावा. पापड ठिकठिकाणी पांढरा फुलतो आणि मधल्या जागा तशाच पिवळ्या, कच्च्या राहतात. ओव्हनच्या पोटातला नकाशाच तो. (नकाशा खाऊन टाकायला हरकत नाही, ताटली परत बसवून आणखी वीस सेकंद दिले की झालं.)

आणि बर्फ. बर्फात पाण्याचे रेणू जखडलेले असतात, त्यामुळे लाटा त्याला फारशा जुमानत नाहीत. पण कुठेतरी थेंबभर पाणी झालं की तेच सगळी ऊर्जा ओढून घेतं. फ्रीझरमधली मासळी एका टोकाला शिजून पांढरी होते आणि दुसऱ्या टोकाला दगड राहते ती यामुळे. डीफ्रॉस्टचं बटण वेगळ्या कुठल्या लाटा सोडत नाही. ते मॅग्नेट्रॉन थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद करत राहतं, म्हणजे मधल्या वेळात उष्णता पसरते.

धातू: ठिणगी कुठून येते

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. लाट आली की ते लगेच पृष्ठभागावर धावतात आणि लाटेला परतवतात. म्हणजे स्टीलच्या वाटीतली आमटी छत्रीखाली उभी आहे; वरच्या उघड्या तोंडातून जेवढा पाऊस येईल तेवढाच. एवढंच असतं तर स्टील फक्त निरुपयोगी ठरलं असतं, धोकादायक नाही. शेवटी ओव्हनच्या भिंती धातूच्याच आहेत आणि ग्रिलसाठी कंपनीने दिलेला तारेचा स्टँडही. घोळ होतो तो टोकांवर, कडांवर आणि अगदी पातळ धातूवर. काटेचमच्याच्या दातांवर, चुरगळलेल्या फॉइलच्या घड्यांवर, वाटीची कड भिंतीच्या अगदी जवळ आली तर त्या फटीत, विद्युतक्षेत्र इतकं एकवटतं की मधली हवाच फुटते. तिचे रेणू विजेला वाट देतात, आणि ठिणगी. पावसाळ्यात वीज उंच टोक शोधते, तसंच इथे होतं, फक्त वितीएवढ्या आभाळात.

आमच्याकडे हा खेळ एका सोनेरी काठाच्या बाउलने दाखवला. लग्नात आलेला डिनर सेट, वर्षानुवर्षं शोकेसमध्ये. पाहुणे आले म्हणून काढला आणि मीच हौसेने त्यातली बासुंदी तीस सेकंद गरम करायला ठेवली. दहाव्या सेकंदाला चट्‌चट्‌ आवाज सुरू झाला आणि काठावरून निळसर ठिणग्या अशा फिरल्या, जणू कोणी भुईनळ्याची वात पेटवत जातंय. दार उघडेपर्यंत सोनेरी रेघेच्या जागी काळ्या ठिपक्यांची माळ. मामी म्हणाली, "अरे, चिनी मातीचं तर आहे!" चिनी माती निर्दोषच होती. तिच्यावरची सोन्याची रेघ इतकी पातळ असते, की तिच्यातून वीज धावली तर ती जागच्या जागी जळते. चांदीचा वर्ख लावलेली काजूकतली, कपावरचं चकाकतं नाव, टी-बॅगच्या दोऱ्याची पिन, हॉटेलच्या पिशवीला बांधलेली तार, सगळे याच पंगतीतले.

बाजारात हल्ली "मायक्रोवेव्ह चालेल" असं लिहिलेले स्टीलचे डबेही मिळतात. त्यांची घडण गुळगुळीत, गोल कडांची असते आणि सोबत सूचना असतात. तसं लेखी असेल तरच, आणि सूचनांप्रमाणेच. घरातल्या साध्या डब्यावर तोच प्रयोग करू नये. बाहेरून प्लास्टिक आणि आतून स्टील असे टिफिन मात्र फसवतात. ऑफिसच्या पँट्रीत झाकण काढून सरळ आत सारले जातात.

गंमत म्हणजे ठिणगीला धातूच लागतो असं नाही. द्राक्ष मधोमध कापून दोन्ही अर्धी सालीने जोडलेली ठेवली तर त्यांच्यामधून चक्क ज्वाळेसारखा झोत उठतो. बरीच वर्षं हा घरगुती चमत्कार होता. २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याचं कारण मांडलं. द्राक्षातल्या पाण्यात शिरल्यावर १२ सेंटिमीटरची लाट आक्रसून सेंटिमीटरभराची होते आणि द्राक्षाच्या आत कोंडली जाते. दोन द्राक्षं टेकली की सगळा जोर त्या टेकलेल्या बिंदूवर. नाशिककरांनी हे घरी करून पाहू नये, ओव्हनचं छत जळतं. गाजराचे किंवा फरसबीचे तुकडे गरम करताना कधी बारीक ठिणगी दिसते तिचं मूळही काहीसं असंच: कापलेली टोकं आणि भाजीतले क्षार. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की ती थांबते.

काच, माती आणि पाण्याच्या कपाची परीक्षा

काचेला लाटांचं भय नाही, तापमानातल्या फरकाचं आहे. साधी काच तापली की बरीच प्रसरण पावते. एक भाग तापून फुगला आणि दुसरा थंड राहिला की ती तडकते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत ओट्टो शॉटने काचेत बोरॉन घातलं आणि बोरोसिलिकेट काच तयार झाली. ती साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांची काच ती हीच. आपण जिला सरसकट "बोरोसिलची काच" म्हणतो ती. मायक्रोवेव्हसाठी याहून बिनघोर भांडं नाही. पण तिलाही फ्रिजमधून थेट गरम आचेत किंवा ओव्हनमधून थेट ओल्या, गार ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवू नये. खाली घडी घातलेलं कोरडं फडकं असू द्यावं. लोणच्याच्या बरण्या, जॅमच्या बाटल्या, कटिंगचे ग्लास साध्या काचेचे असतात. त्यात एखाद्या वेळी दूध कोमट होईल, दुसऱ्या वेळी बूड सुटून हातात येईल.

चिनी मातीचे साधे, बिनकाठाचे मग आणि दुधी पांढऱ्या ओपल काचेच्या ताटल्या चालतात. भाजलेल्या मातीचं तसं नाही. कुल्हड, दह्याचं मडकं, मातीची हंडी यांना सूक्ष्म छिद्रं असतात आणि धुताना त्यांत पाणी मुरतं. मग भांडंच लाटा शोषायला लागतं. आतला चहा कोमट आणि कुल्हड हात भाजणारा, असं झालं तर कारण हे. रंगीत झिलई असलेली हातची भांडी दिसायला देखणी असतात, पण झिलईत धातूंची रंगद्रव्यं असू शकतात. ती मी तरी वाढायलाच ठेवतो.

शंका असेल तर परीक्षा अगदी सोपी आहे. रिकामं भांडं आत ठेवा, शेजारी चालणाऱ्या मगमध्ये कपभर पाणी ठेवा आणि पूर्ण ताकदीवर एक मिनिट लावा. पाणी गरम आणि भांडं गार, तर पास. भांडंच गरम, तर त्याने लाटा गिळल्या, ते बाद. पाण्याचा कप विसरू नका. आत शोषणारं काहीच नसेल तर लाटा फिरून मॅग्नेट्रॉनवरच आदळतात आणि तो तापून बिघडतो. पोरं रिकामा ओव्हन लावून दिव्याची गंमत बघतात, ती याचसाठी थांबवायची. या परीक्षेतून फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं हेही लक्षात असू द्या. धातूचा काठ असलेलं भांडं यात घालायचंच नाही, आणि प्लास्टिक पास झालं तरी त्याचा दुसरा पेपर बाकी असतो.

मेलामाइन मात्र या परीक्षेत हमखास नापास. बुफेच्या हलक्या, चकचकीत, पडल्या तरी न फुटणाऱ्या ताटल्या त्या मेलामाइनच्या. दिसतात चिनी मातीसारख्या, पण चमच्याने टिचकी मारली तर टण्ण न वाजता खट्ट वाजतात. मेलामाइन स्वतः लाटा शोषून तापतं आणि ७० अंशांच्या पुढे त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड अन्नात उतरू लागतात, पदार्थ आंबट असेल तर जास्तच. गरम जेवण वाढायला ठीक, गरम करायला अजिबात नाही.

तर्रीचं कडं

प्लास्टिकबद्दल दोन टोकं ऐकू येतात: सगळं प्लास्टिक विष, किंवा डबा वितळला नाही म्हणजे चालतंय. दोन्ही सोडून डब्याच्या बुडाशी बघा. त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. मायक्रोवेव्हसाठी म्हणून विकले जाणारे डबे बहुतेक याचेच. त्याचा वितळबिंदू १६० अंशांच्या आसपास आहे. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ६ म्हणजे थर्माकोलच्या घराण्यातलं. दोन्ही बाहेर. पण नुसता ५ पुरेसा नाही, "मायक्रोवेव्ह सेफ" असे शब्द किंवा लाटांची खूणही हवी. डबा कशाचा आहे हे आकडा सांगतो. कंपनीने तो कशासाठी बनवलाय हे खूण सांगते. आइस्क्रीम-श्रीखंडाचे डबे थंडाव्यासाठी बनलेले असतात. हॉटेलातून भाजी येते ते पातळ काळे डबे एकदा वापरायचे म्हणून बनलेले असतात. आणि ते घासून जपून ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

आता डब्याचा दुसरा पेपर. मिसळ गरम केलेल्या प्लास्टिकच्या डब्याकडे नीट बघा. आतून, बरोबर तर्रीच्या पातळीवर, एक लालसर-पिवळं कडं पडलेलं असतं. तारेच्या घासणीनेही जात नाही. बोट फिरवा, ती जागा खरखरीत लागते. तिच्या वर आणि खाली डबा गुळगुळीत, मधेच हे कडं. झालं असं, की रस्सा पाण्याचा, तो १०० अंशांच्या पुढे सहसा जात नाही. पाणी वाफ होऊन निसटतं आणि तापमान तिथेच अडतं. तेलाला ही मर्यादा नाही. वर तरंगणारी तर्री १०० च्या बरीच पुढे जाते आणि डब्याला जिथे टेकते तिथे प्लास्टिक मऊ पडून हळद-तिखट त्यात रुतून बसतं. रंग आत जातो त्याच वाटेने प्लास्टिकमधलं काहीबाही बाहेरही येऊ शकतं. म्हणून तेल आणि साखर ज्यात भरपूर आहे, म्हणजे तर्रीचा रस्सा, तुपाचा शिरा, पुरण, गुळाचा पाक, ते काचेतच. साधा भात, इडली, पोळी यांना चांगला डबा चालतो. असं कडं पडलेला डबा धान्य-कडधान्याला लावावा, ओव्हनमधून त्याने निवृत्त व्हावं.

तिसरा प्रश्न: कुठल्या बटणावर?

आपल्याकडे जे यंत्र जास्त करून घेतलं जातं ते एका पेटीत तीन यंत्रं असतं. मायक्रो, ग्रिल आणि कन्व्हेक्शन. मायक्रोमध्ये लाटा. ग्रिलमध्ये छताजवळची लालबुंद सळी. कन्व्हेक्शनमध्ये हीटर आणि पंखा, म्हणजे बेकरीच्या भट्टीची धाकटी बहीण. आतली हवाच २०० अंशांवर. कन्व्हेक्शनमध्ये लाटा नाहीत, म्हणून ॲल्युमिनियमचा केकचा डबा खुशाल चालतो. आणि "मायक्रोवेव्ह सेफ" प्लास्टिक? ते तिथे मेणासारखं वितळतं. खूण खोटी नव्हती, ती पहिल्या बटणापुरती होती. कॉम्बिनेशन म्हटलं की लाटाही आणि भट्टीही. तिथे प्लास्टिक नको आणि कंपनीने दिलेल्या स्टँडखेरीज धातूही नको. उरते ती बोरोसिलिकेट काच.

यातलाच एक सापळा असा. संध्याकाळी केक झाला, ओव्हन बंद केला. दहा मिनिटांनी कोणीतरी प्लास्टिकच्या डब्यात भाजी ठेवून मायक्रोवर एक मिनिट लावली. बटण बरोबर, डबाही बरोबर, पण भिंती आणि फिरती ताटली अजून तापलेलीच. डब्याचं बूड ताटलीला चिकटतं.

फुटतं ते

बंद जागेत वाफ कोंडली की ती वाट काढते. सालीचं अंडं, भरताचं वांगं, अख्खा बटाटा, टोमॅटो, सगळे शिवलेल्या पिशव्या आहेत. वांग्याला सुरीने आठ-दहा टोचे द्यावेत. अंडं आत ठेवूच नये. उकडून सोललेलं अंडंसुद्धा पुन्हा गरम करायला ठेवलं तर ओव्हनमध्ये शांत राहतं आणि दात लावल्यावर फुटतं. झाकणं घट्ट लावायची नाहीत, एक कोपरा उघडा ठेवायचा. काढताना तो कोपरा आपल्यापासून लांब, कारण वाफेचा चटका आमटीपेक्षा वाईट असतो.

सर्वांत निमूट धोका साध्या पाण्याचा. गुळगुळीत, नव्या मगमध्ये पाणी तापवलं तर बुडबुडे धरायला खरबरीत जागाच मिळत नाही आणि ते न उकळता १०० अंशांच्या पुढे जातं. वरून बघाल तर शांत. त्यात कॉफी किंवा साखर टाकली की क्षणात उसळून हातातोंडावर येतं. आधीच एक लाकडी चमचा किंवा आइस्क्रीमची काडी मगमध्ये उभी ठेवा, आणि झाल्यावर अर्धा मिनिट हात लावू नका. बाळाची दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. बाटली बाहेरून कोमट लागते आणि मधे कुठेतरी पोळेल असा घोट दडलेला असतो. कढत पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करण्याची आजीची रीत इथे यंत्रापेक्षा सरस आहे. तळण्यासाठी तेलही आत तापवू नये. ते किती तापलं हे कळायला काही मार्गच नाही.

शेंगदाणे भाजायला मात्र हे यंत्र झकास, फक्त त्याची खोड ओळखली पाहिजे. सुक्या दाण्यात पाणी कमी, तेल जास्त, आणि आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. मी पहिल्यांदा वाटीभर दाणे सलग पाच मिनिटं लावले. बाहेरून अजून कच्चेच दिसत होते, म्हणून आणखी एक मिनिट. एक दाणा चिमटीत दाबून दोन भाग केले, तर आत कोळसा. आता काचेच्या पसरट भांड्यात एकेक मिनिट, दर वेळी ढवळून, आणि थोडे कच्चे वाटत असतानाच बाहेर. पुढचं भाजणं ते ताटात पसरल्यावर स्वतःच उरकतात.

इतकं करून आत काही पेटलंच, तर दार उघडायचं नाही. बटणाने बंद करायचं, भिंतीवरचा स्विच बंद करायचा आणि वाट बघायची. बंद दारात हवा संपते आणि आग मरते.

"पण रेडिएशन?"

हा प्रश्न येतोच, आणि त्यात थोडी चूक आपल्या भाषेची आहे. रेडिएशनला आपण सर्रास किरणोत्सर्ग म्हणतो आणि डोळ्यांसमोर अणुभट्टी उभी राहते. विश्वकोशाच्या मराठीत त्याला प्रारण म्हणतात आणि किरणोत्सर्ग हा शब्द युरेनियमसारख्या मूलद्रव्यांसाठी राखून ठेवतात. दिव्याचा उजेड हेही प्रारणच. मायक्रोवेव्हच्या लाटा उजेडापेक्षाही दुबळ्या असतात. रेणूंना वळवतील, तापवतील, पण तोडणार नाहीत. ओव्हन थांबला की लाटा संपल्या. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसं अन्नातही काही उरत नाही. जीवनसत्त्वांचं म्हणाल तर वेळ कमी आणि पाणी कमी, म्हणून पाण्यात उकळून ते ओतून देण्यापेक्षा 'क' जीवनसत्त्व इथे जास्तच टिकतं.

मात्र चालू ओव्हनच्या आत या लाटा जोरकस असतात आणि त्या बाहेर आल्या तर भाजू शकतं. दाराच्या काचेतली बारीक छिद्रांची जाळी ही त्यासाठीची भिंत. दीड-दोन मिलिमीटरच्या छिद्रातून १२ सेंटिमीटरची लाट जाऊ शकत नाही, उजेड जातो, म्हणून आपल्याला आतलं दिसतं. अमेरिकेच्या नियमानुसार ओव्हनच्या पूर्ण आयुष्यात पाच सेंटिमीटर अंतरावर गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या वर जाता कामा नये, आणि जरा मागे सरकलं की तीही झपाट्याने घटते. दार उघडताच लाटा बंद करणारे स्विचही एकाहून अधिक असतात. काळजी करायची ती दार नीट मिटत नसेल, बिजागरी लोंबत असेल, जाळीला भोक पडलं असेल तर. मग वापर बंद आणि दुरुस्तीवाल्याला फोन. स्वतः स्क्रू काढायचे नाहीत. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही हजार व्होल्टचा भार धरून बसू शकतो. प्लगसुद्धा मोठ्या, १६ ॲम्पिअरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच. ८०० वॉटचा ओव्हन भिंतीतून हजार-बाराशेच्या वर वॉट ओढतो, एक्स्टेंशनची पातळ वायर तापते.

एक गोष्ट मला बरीच वर्षं माहीत नव्हती. आतल्या उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा करडा चौकोन असतो. अनेकांना तो पॅकिंगचा राहिलेला तुकडा वाटतो आणि ते तो उपटून काढतात. तो अभ्रकाचा पत्रा. लाटा त्याच्याच मागून येतात, आणि त्याचं काम म्हणजे वाफ आणि तेलाचे शिंतोडे मॅग्नेट्रॉनकडे जाऊ न देणं. आमच्याकडे त्यावर फोडणीचे शिंतोडे साचत गेले, तो डाग तापून काळा पडला आणि एके दिवशी नुसत्या पोळ्या ठेवल्या असताना ठिणग्या उडायला लागल्या. यंत्र गेलं असंच आम्ही धरून चाललो होतो. दुरुस्तीवाल्याने पिशवीतून नवा पत्रा काढला, जुना त्यावर ठेवून पेनाने आखला आणि साध्या कात्रीने कापून बसवला. आई शेजारी उभी होती. "हे तर जुन्या इस्त्रीत असायचं," ती म्हणाली. तो हसून म्हणाला, "तेच आहे, काकू. फक्त ओल्या फडक्याने पुसत जा." आता दर रविवारी वाटीभर पाण्यात लिंबाची फोड टाकून तीन मिनिटं लावतो, आतली घाण वाफेने सुटते, आणि तो चौकोन सगळ्यांत आधी पुसतो.